तुमचा आवडता बँड हॉल ऑफ फेममध्ये का नाही? पाच टिकमार्कचं गणित

अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची, म्हणजे मोठ्या कलाकारांना निवडून मानाने "आत" घेणाऱ्या संस्थेची, नॉमिनेशनची यादी आली की त्याच संध्याकाळी भांडणं सुरू होतात. हा कसा काय आला, तो कसा काय राहिला, हे रॉक आहे का, त्याला डावललं कारण कमिटीला मेटल आवडत नाही, वगैरे वगैरे. मग निकाल लागला की दुसरी फेरी, तीच भांडणं, फक्त आवाज वाढलेला. मी पण यात बरीच वर्षं हिरिरीने भाग घेतलाय, रात्री दोन दोनपर्यंत जागून लोकांशी वाद घातलेत, आणि मग एकदा शांतपणे बसून नियम वाचले तेव्हा लक्षात आलं की आपण ज्या प्रश्नावर एवढं घसा फोडतोय, म्हणजे "हा कलाकार लायक आहे का", तो प्रश्न मत देणाऱ्याला कोणी विचारतच नाही.

कसं ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास, पटकन.

ही संस्था १९८३ ची. अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्सवाले अहमेट एर्टेगन यांची मूळ कल्पना, सोबत रोलिंग स्टोन मासिकाचे यान वेनर आणि इंडस्ट्रीतली अजून मंडळी. पहिले दहा कलाकार १९८६ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जेवणाच्या कार्यक्रमात आत घेतले, आत म्हणजे कुठे तर कुठेच नाही, कारण बिल्डिंगच नव्हती. ती नंतर क्लीव्हलंडला झाली, लेक एरीच्या काठावर, आय. एम. पेई यांनी डिझाइन केलेली, उघडली १९९५ ला. क्लीव्हलंडच का, तर अ‍ॅलन फ्रीड नावाचा रेडिओवाला तिथून ही गाणी वाजवायचा आणि "रॉक अँड रोल" हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात त्याचा मोठा हात, १९५२ च्या मार्चमध्ये तिथे त्याचा एक कार्यक्रम झाला ज्याला बरेच जण पहिला रॉक कॉन्सर्ट म्हणतात, त्याला एवढी गर्दी झाली की पोलिसांनी तो मध्येच बंद पाडला. आणि दुसरं कारण रोकडं, शहराने ६ लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या आणि साडेसहा कोटी डॉलरची तयारी दाखवली. असो.

पात्रतेचा नियम एकच आहे आणि सोपा आहे: पहिलं रेकॉर्ड विक्रीला येऊन २५ वर्षं झाली पाहिजेत. किती खपलं, किती अवॉर्ड मिळाले, काही अट नाही.

पुढे काय होतं बघा. तीसएक जणांची नॉमिनेशन कमिटी असते, त्यात पत्रकार, रेकॉर्ड कंपन्यांतली माणसं, काही स्वतः वाजवणारे. ते बंद दाराआड बसतात, आपापल्या आवडत्या नावांसाठी भांडतात आणि पंधराएक नावं बाहेर काढतात. इथे आत आपला माणूस असणं फार महत्त्वाचं. गिटारिस्ट टॉम मोरेलो या कमिटीवर होता, तो किस बँडचा लहानपणापासूनचा फॅन, आणि २०१४ मध्ये किसची वर्णी लागली तेव्हा स्टेजवर त्यांच्यासाठी भाषण करायला हाच उभा. किस पात्र होते १९९९ पासून. आता याला वशिला म्हणायचं का नाही ते तुम्ही ठरवा, मला तरी वाटतं की प्रेमाने भांडणारा एक माणूस आत असणं हा काही गुन्हा नाही, फक्त ज्यांच्यासाठी भांडणारा कोणी नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

ही नावं मग बाराशेएक मतदारांकडे जातात. त्यात इतिहासकार, इंडस्ट्रीतले लोक, आणि आधीच आत गेलेले हयात कलाकार. बरीच वर्षं प्रत्येकाला पाच नावांवर खूण करायची मुभा होती, म्हणून मी पाच धरूनच सांगतो. ज्यांना सगळ्यात जास्त खुणा ते आत, साधारण पाच ते सात जण.

आणि इथेच घोडं पेंड खातं.

२०२० चं बॅलट, म्हणजे मतपत्रिका, घ्या. सोळा नावं होती: पॅट बेनाटार, डेव्ह मॅथ्यूज बँड, डिपेश मोड, डूबी ब्रदर्स, व्हिटनी ह्यूस्टन, जुडास प्रीस्ट, क्राफ्टवर्क, एमसी फाइव्ह, मोटरहेड, नाइन इंच नेल्स, नोटोरियस बी.आय.जी., रुफस आणि चाका खान, टॉड रंडग्रेन, साउंडगार्डन, टी. रेक्स, थिन लिझी. तुम्ही मतदार आहात, हातात पेन आहे, पाच निवडा. आता तुम्हाला यातले समजा अकरा जण लायक वाटतात, अगदी मनापासून, तरी सहा लायक माणसांना तुम्ही स्वतःच्या हाताने सोडणार आहात, आणि तुमच्या कागदावर "लायक आहे पण जागा नाही" आणि "हा भिकार आहे" या दोन गोष्टी अगदी सारख्याच दिसणार, म्हणजे कोरी चौकट.

आता मनातल्या मनात एक हिशोब करा. मतदार १००० धरू. एक बँड आहे जो ४०० लोकांना जीव की प्राण आणि उरलेल्या ६०० ना तो बंद केल्याशिवाय चैन पडत नाही. त्याला किती मतं? ४००. दुसरा बँड आहे ज्याला हजारच्या हजार लोक मानतात, सगळे म्हणतात हो हो हे पाहिजेतच, पण प्रत्येकाच्या मनात तो सहाव्या नंबरवर आहे. त्याला किती? शून्य. ज्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत तो बाहेर आणि ज्याच्यावरून भांडण तो आत. हे काही कटकारस्थान नाही हो, कमिटीला मेटल आवडतं की डिस्को याचाही संबंध नाही, मोजायची पद्धतच तशी आहे.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमशी तुलना केली की फरक लगेच कळतो. तिथे पत्रकारांना दहापर्यंत नावं लिहिता येतात आणि आत जायला ७५ टक्के मतं लागतात. म्हणजे प्रत्येक खेळाडूबद्दल वेगळा प्रश्न, हा हवा का, हो की नाही. कोणीच ७५ ला पोचला नाही तर कोणीच आत नाही, २०१३ आणि २०२१ ला पत्रकारांच्या मतदानातून एकही खेळाडू निवडून आला नव्हता. दहावी पास व्हायचं आणि स्कॉलरशिपमध्ये पहिल्या पाचात यायचं यात जो फरक आहे तोच इथे. रॉकवाल्यांची परीक्षा दुसऱ्या प्रकारची आहे आणि आपण निकाल वाचतो पहिल्या प्रकारचा, "नापास केलं" म्हणून.

परत त्या २०२० कडे येऊ. आत गेले सहा: डिपेश मोड, डूबी ब्रदर्स, व्हिटनी ह्यूस्टन, नाइन इंच नेल्स, बी.आय.जी. आणि टी. रेक्स. राहिले दहा, आणि त्या दहांवरून तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्यांचं पुढे काय झालं? रंडग्रेन २०२१ ला आत. क्राफ्टवर्क पण २०२१. पॅट बेनाटार २०२२, जुडास प्रीस्ट २०२२, चाका खान २०२३ (एकटी, रुफस बाहेरच), डेव्ह मॅथ्यूज २०२४, एमसी फाइव्ह २०२४, साउंडगार्डन २०२५. पाच वर्षांत दहातले आठ! म्हणजे जिला आपण "डावलणं" म्हणत होतो ती बहुतेकांच्या बाबतीत रांग होती. रंडग्रेनला तर एवढं पडलेलंच नव्हतं, समारंभ क्लीव्हलंडला आणि हा त्याच रात्री त्याच राज्यात सिनसिनाटीला स्वतःचा शो करत होता.

पण रांग म्हटलं म्हणून राग यायचं कारण संपत नाही. एमसी फाइव्ह बघा. डेट्रॉइटकडचा बँड, साठच्या दशकाच्या शेवटी जे वाजवायचे त्यातून पुढे पंकवाल्यांनी पोटभर घेतलं. पहिल्यांदा नॉमिनेशन झालं ते २००३ साठी. २०२४ च्या फेब्रुवारीत गिटारिस्ट वेन क्रेमर गेला. एप्रिलमध्ये जाहीर झालं की यंदा तुम्ही आत. मे महिन्यात ड्रमर डेनिस थॉम्प्सन गेला, गाजलेल्या पाचांतला शेवटचा. ऑक्टोबरमध्ये समारंभ झाला तेव्हा त्या पाचांपैकी टाळ्या ऐकायला कोणीच नव्हतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आता त्या आठांत एक गंमत आहे. त्यातले चारच मतदारांच्या मतांवर गेले: रंडग्रेन, बेनाटार, डेव्ह मॅथ्यूज, साउंडगार्डन. बाकीचे चार बाजूच्या दाराने. हे बाजूचं दार म्हणजे काय, तर दोन खास पुरस्कार आहेत जे मतदारांना न विचारता छोट्या कमिट्या देतात. एक आधीच्या काळातल्या प्रभावासाठी, जो खरा रॉकच्या आधीच्या लोकांसाठी, ब्लूज, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं) वगैरे. दुसरा "म्युझिकल एक्सलन्स", ज्याचं नाव सुरुवातीला चक्क "साइडमेन" होतं, म्हणजे स्टारच्या मागे वाजवणारे. आता तिथे ज्यांना मतं पुरत नाहीत पण ज्यांच्याशिवाय यादी ओकीबोकी दिसते त्यांना बसवतात. त्यामुळे २०२१ ला प्रभावाच्या रांगेत १९३४ ला वारलेला मिसिसिपीचा ब्लूज गायक चार्ली पॅटन आणि १९७० ला सुरू झालेला जर्मन सिंथेसायझरवाला क्राफ्टवर्क शेजारी शेजारी. जुडास प्रीस्टसारखा बँड, ज्यांनी हेवी मेटलचा आवाज आणि कपडे दोन्ही ठरवून दिले, तो साइडमेनच्या जुन्या खोलीत. आत आले ना, मग झालं की, असं एक मत आहे. मला नाही पटत, एमसी फाइव्हसारख्यांना सहा वेळा पुढच्या दारावर टकटक करायला लावून मग मागून घ्यायचं याला मान म्हणत नाहीत.

या सगळ्यात ज्यांचं नाव दरवेळी निघतं ते शीक. नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बँड, डिस्कोच्या काळातला. नॉमिनेशन अकरा वेळा. आत? २०२५ पर्यंत बँड म्हणून नाही, २०१७ ला एकट्या रॉजर्सला म्युझिकल एक्सलन्स देऊन विषय मिटवला. आता यांचं १९७९ चं "गुड टाइम्स" काढून फक्त बास ऐका, बाकी सगळं विसरा. एडवर्ड्सची ती चाल, सुरुवातीला एकाच सुरावर तीन ठोके आणि मग खालून वर चढत जाणारी. त्याच वर्षी ती तशीच्या तशी घेऊन रॅपचं पहिलं मोठं हिट गाणं झालं. पुढच्या वर्षी क्वीनच्या जॉन डीकनने तिच्यावरून सुचलेली स्वतःची बासलाइन बांधली आणि क्वीनचं ते गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. १९८१ ला ग्रँडमास्टर फ्लॅशने टर्नटेबलवर हे शीकचं आणि ते क्वीनचं अशी दोन्ही रेकॉर्डं एकात एक मिसळून दाखवली. क्वीन आत गेले २००१ ला. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह २००७ ला, हॉलमध्ये जाणारे पहिले हिपहॉपवाले. ज्याच्या विहिरीचं पाणी सगळे प्यायले तो मात्र दारात. मला विचाराल तर शीक म्हणजे तो वर सांगितलेला सहाव्या नंबरचा बँड, सगळ्यांना आदर आहे, भांडायला कोणी उठत नाही. डिस्कोबद्दलची जुनी आढी पण असेलच, पण मॅडोना २००८ ला गेली, अ‍ॅबा २०१० ला गेले, म्हणजे नाचायची गाणी आत चालतात.

नाचायच्या गाण्यावरून आठवलं, "हे रॉक नाहीच मुळी" हा वाद. दरवर्षी असतो, विशेषतः कोणी रॅपर आला की. २०१६ ला एन.डब्ल्यू.ए. हा रॅप ग्रुप आत जाणार तेव्हा किसच्या जीन सिमन्सने म्हटलं रॅपचा इथे काय संबंध, तर ग्रुपमधल्या आइस क्यूबने स्टेजवरून उत्तर दिलं की रॉक अँड रोल हे काही वाद्य नव्हे, ती एक वृत्ती आहे. भाषण म्हणून छान. पण मला त्याहून सोपं उत्तर आवडतं: पहिली यादी बघा ना. १९८६ चे दहा म्हणजे चक बेरी, एल्विस प्रेस्ली, जेम्स ब्राउन, रे चार्ल्स, सॅम कुक, फॅट्स डॉमिनो, एव्हर्ली ब्रदर्स, बडी हॉली, जेरी ली लुईस, लिटल रिचर्ड. यातले चार जण पियानोवर बसून गाणारे! रे चार्ल्स, डॉमिनो, लुईस, रिचर्ड. सॅम कुक गॉस्पेलमधून आलेला सोल गायक. जेम्स ब्राउनच्या बँडचे ठोके तर पुढे रॅपवाल्यांनी वर्षानुवर्षं कापून कापून वापरले. रॉक म्हणजे चार पोरं आणि तीन गिटारी ही व्याख्या नंतरची, यादी पहिल्या दिवसापासून मोठी होती. त्यामुळे "हल्ली यांनी पातळ केलं" म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं, दार आधीपासून उघडंच होतं, तुम्ही उशिरा आलात आणि कडी लावायला निघालात.

त्या दहांत बाई एकही नाही हे तुमच्या लक्षात आलं का? अरेथा फ्रँकलिन १९८७ ला, पहिली. आणि मग गाडी सावकाश. २०१९ मध्ये एव्हलिन मॅकडॉनेल या लेखिकेने मोजदाद केली, तोवर आत गेलेल्या ८८८ माणसांमध्ये बायका ६९, आठ टक्के पण नाहीत. याचं कारण परत मतपत्रिकेतच थोडं सापडतं: आत गेलेल्यांना मत मिळतं, आत गेलेले बहुतेक पुरुष, बँडमध्ये चार नाहीतर पाच पुरुष आले की एका निवडीत मतदार चार-पाच वाढतात, एकटी गायिका आली की एक. म्हणजे व्याजावर व्याज. सिस्टर रोझेटा थार्प, जी एल्विसच्या आधी इलेक्ट्रिक गिटार खांद्याला लावून गॉस्पेल वाजवायची, ती गेली १९७३ ला आणि हॉलमध्ये आली २०१८ ला. २०२३ च्या मार्चमध्ये रॉक गायिका कोर्टनी लव्हने वर्तमानपत्रात लेख लिहून या सगळ्याचे वाभाडे काढले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेनर यांनी, म्हणजे संस्थापकांतल्या एकाने, एका मुलाखतीत बायका आणि कृष्णवर्णीय कलाकारांच्या बोलण्या-विचार करण्याच्या ताकदीबद्दल असं काही बरळून ठेवलं की दुसऱ्याच दिवशी त्यांना बोर्डावरून काढलं. इतकी वर्षं यादीमागे कुठली नजर होती ते एका वाक्यात कळलं.

बँडमधलं कोण आत, यात पण काही धड नियम दिसत नाही. किसचे फक्त मूळ चौघे घेतले, ब्रूस कुलिक बारा वर्षं त्यांच्यात गिटार वाजवून पण बाहेर. उलट रेड हॉट चिली पेपर्स २०१२ ला गेले तेव्हा तीनेक वर्षांपूर्वी आलेला जॉश क्लिंगहॉफर ३२ व्या वर्षी आत. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन १९९९ ला एकटा, त्याचा ई स्ट्रीट बँड १५ वर्षांनी. आणि गिटारिस्ट एरिक क्लॅप्टन तीन वेळा, दोन बँडांतून आणि एकदा स्वतःचा. शीकला एक जागा नाही आणि एकाच माणसाला तीन, असं म्हटलं की क्लॅप्टनचे फॅन चिडतात, चिडू देत.

फॅन लोकांच्या मतांचं पण सांगायला हवं कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज. २०१२ पासून जनतेलाही ऑनलाइन मत देता येतं. पण या सगळ्या लाखो मतांची मिळून एकच मतपत्रिका बनते. एक. बाकीच्या हजार-बाराशेंमध्ये अजून एक कागद. २०२० ला डेव्ह मॅथ्यूज बँड १० लाखांहून जास्त मतं घेऊन फॅन-व्होटमध्ये पहिला आला आणि आत गेला नाही. २०२५ ला फिश बँडचं अगदी तेच झालं. लोकांनी रोज आठवणीने क्लिक केलं, मित्रांना क्लिक करायला लावलं, आणि एवढ्या लोकांचं मिळून वजन किती, तर कुठल्या तरी एका निवृत्त ड्रमरने चहा पिता पिता भरलेल्या कागदाएवढं. मला वाटतं हे मत मोजण्यासाठी नसून गाजावाजा व्हावा म्हणून आहे. तरी मी क्लिक करतो, सवय.

तर हे सगळं वाचून झाल्यावर मी एकदा ते २०२० चं बॅलट कागदावर उतरवलं आणि प्रामाणिकपणे पाच खुणा केल्या. व्हिटनी, कारण तो आवाज. बी.आय.जी. क्राफ्टवर्क, डोळे मिटून. एमसी फाइव्ह, कारण उशीर नको. पाचव्या जागेसाठी वीस मिनिटं अडलो आणि शेवटी जुडास प्रीस्ट. पेन खाली ठेवलं आणि मग बघितलं की थिन लिझी कोरी राहिली. थिन लिझी, ज्यांच्या दोन गिटारी एकाच चालीत वरखाली चालताना ऐकून मी पहिल्यांदा या संगीताच्या नादी लागलो, ज्यांच्यासाठी मी लोकांशी रात्री दोनला भांडलोय, त्यांचा गायक फिल लिनट जाऊन एवढी वर्षं झाली तरी यांना दाद नाही म्हणून ज्या कमिटीला मी शिव्या घातल्यात. २०२५ पर्यंत ते बाहेरच आहेत, आणि माझ्या कागदावर ते सहावे होते.